न्यू फोल्डरमधला ढावलो

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... आणि नेमकी त्याच वेळी सगळ्यांच्या मोबाईलची बॅटरी संपलेली असते. मी हिंगोलीत एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बाहेरचं, लागिर, झपाटणं यातलं मी काहीही मानत आले नाही, आणि आता मानायला लागले असंही म्हणणार नाही. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या कंप्युटरवर जे झालं, ते कुठल्या खान्यात टाकावं हे मला कळत नाही. घरात बोलून बोलून झालं. आता विषय काढला की नवरा चप्पल घालून मोंढ्याच्या बाजाराकडं चालायला लागतो. म्हणून इथं लिहिते.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही बंजारा. माझं माहेर कळमनुरी तालुक्यातला एक तांडा, रस्ता सोडून आत माळावर. मी आश्रमशाळेत आणि मग वसतिगृहात शिकले आणि शहराची झाले. माझी मोठी बहीण शेवंता, मी तिला ताई म्हणते, शाळेची पायरी चढली नाही. तिला शेजारच्याच तांड्यात दिली होती. पण गळा सगळा तिच्या वाट्याला आला. होळीची लेंगी-गाणी असोत की लग्न असो, आसपासच्या तांड्यांतून तिला बोलावणं यायचं. तिला एकच मुलगी, काजल. ती माझ्याकडं राहून बारावी झाली, नांदेडला नर्सिंग केलं आणि तिथंच एका दवाखान्यात लागली. दोन वर्षांपूर्वी ताई गेली. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. 'माय मरो पण मावशी उरो' असं लोक म्हणतात. उरले मी, पण ती म्हण कुणी माझ्यासमोर म्हटली की मला राग येतो. माय मरो असं कुणाच्या तोंडून निघतंच कसं?

आता ढावलो म्हणजे काय ते सांगते. आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. नुसतं रडणं नव्हे. त्याला चाल असते, ओळी असतात, आईकडून-मावशीकडून आधी शिकाव्या लागतात. आमच्या तांड्याकडची रीत अशी की पोरगी एक ओळ म्हणते आणि आई तिला उत्तर देते. पोरगी विचारते, ज्या अंगणात रांगले ते अंगण मला परकं का केलंस? आई सांगते, अंगण तिथंच आहे, तू येशील तेव्हा झाडलेलं असेल. असं पुढं पुढं. आई नसली तर मावशी देते, काकी देते, पण कुणीतरी देतंच. जिला उत्तर मिळालं नाही तिच्या मागं कुणी नाही, असं आमच्या बाया मानतात. हल्ली डीजेवर बिदाईचं सिनेमातलं गाणं लावतात आणि काम उरकतात. माझ्या लग्नात तेच झालं. त्यामुळं मला ढावलो येत नाही. एक ओळसुद्धा नाही.

ताई आजारपणात औषधपाण्यासाठी माझ्याकडं हिंगोलीला राहायला होती. एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. मी डाळ-भाताचा कुकर लावलेला, ती पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. (घरात आम्ही गोरमाटी बोलतो, इथं मराठीत लिहिते.) ती म्हणाली, "तुझ्या मोबाईलात काजलचा ढावलो भरून ठेव."

"तूच म्हणशील की तिच्या लग्नात," मी म्हणाले.

"मी कुटं न्हाई म्हनून राहिले? पन भरून ठेव."

मी चिडले, पण मोबाईल समोर धरला. ताईनं पोरीच्या ओळीही स्वतःच म्हटल्या आणि आईच्याही. मधे मधे खोकत होती. एका ओळीत सासरच्या तांड्याचं नाव येतं. तेव्हा काजलचं लग्न ठरलेलं नव्हतं, म्हणून तिथं तिनं नुसतं "हं हं हं" असं गुणगुणून जागा भरली आणि चाल न तोडता मला सांगितलं, "हितं नाव घालायचं." त्यानंतर कुकरची शिट्टी झाली. हे मी नंतर रचून सांगत नाही. ती दुपार मला लख्ख आठवते, कारण ताईला मी शेवटचं गाताना ऐकलं ते तेव्हाच.

संपल्यावर तिनं बजावलं, "लगीन नसताना घरात ढावलो वाजवायचा न्हाई. कुनाला धाडू बी नको." मी यातलं काही मानत नाही, तरी तिचं ऐकलं. फाईल कुणाला पाठवली नाही, परत लावूनही बघितली नाही. कंप्युटरवर उतरवली आणि सोडून दिली. फोल्डरला नाव द्यायचं राहिलं. न्यू फोल्डर, त्यात आणखी एक न्यू फोल्डर, त्यात ती. माझा तो मोबाईल पुढं पडून फुटला.

गेल्या उन्हाळ्यात काजलचं लग्न ठरलं. मुलगा औंढ्याकडचा, बोरीच्या तांड्याचा, शिक्षक. तुळशीची लग्नं झाली की उरकायचं असं दोन्हीकडून ठरलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग दसरा आला.

आमच्या मराठवाड्यात घट बसायच्या आधी 'दसरा काढतात', हे बाहेरच्यांना माहीत नसेल. म्हणजे अख्खं घर बाहेर काढायचं. गोधड्या, वाकळा, पितळी भांडी, पाळण्याच्या साखळ्यासुद्धा धुवायच्या. घरात एक चिंधी जुनी मळकी राहिली तर चालत नाही. आमच्या कॉलनीत तर त्या दिवसांत बायकांची चढाओढच असते, आणि मी त्यात मागं नसते हे कबूल करते. आमचे हे हळदीच्या आडतीवर मुनीम आहेत. बोटं कायम पिवळी, आणि त्या बोटांनी घरच्या कंप्युटरचा कीबोर्डही पिवळा करून ठेवलेला. मी गोधड्या आपटता आपटता म्हणाले, "अहो, बसून काय राहिलात, तेवढा कंप्युटरचा दसरा तुम्ही काढा."

मला कीबोर्ड पुसायचा होता. यांनी खरोखरच दसरा काढला. आधी ओल्या फडक्यानं बाहेरून, मग आतून. जे जे बिननावाचं, जुनं, धूळ खात पडलेलं दिसलं ते सगळं डिलीट. वर रिसायकल बिनही रिकामा, कारण कचरा घरात ठेवायचा नाही. आणि जागा मोकळी झाली म्हणून अख्ख्या नवरात्राला पुरतील एवढी देवीची गाणी कुणाच्या तरी पेनड्राईव्हवरून भरून घेतली. नऊ दिवस ती गाणी आमच्या घरात वाजली. मीही ऐकली, आरतीला टाळ्या वाजवल्या.

दसऱ्यानंतर काजलचा फोन आला. "मावशी, दिवाळीला येऊन राहिले. तवा याडीचं भरलेलं लावू. शिकायला येळ लागंल मला, माझा गळा कुटं तिच्यासारखा हाय?" (याडी म्हणजे आई.)

"ये ये," मी म्हणाले, आणि सहज म्हणून कंप्युटर चालू केला.

फोल्डर नव्हता. मी सगळीकडं शोधलं, नावानं शोधलं, तारखेनं शोधलं. रिसायकल बिन उघडला तर चकचकीत रिकामा. हे जेवत होते. मी विचारलं तर मोठ्या कौतुकानं म्हणाले, "तूच म्हनलीस ना दसरा काढा म्हून? काढला."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांचा घास हातातच राहिला. "मला काय ठाऊक," एवढंच म्हणाले, "न्यू फोल्डर म्हनजे रिकामा आसंल वाटलं." आणि मग उठून मोरीत हात धुताना त्यांचे डोळे भरलेले दिसले. ताईनं यांना राखी बांधली होती. त्यामुळं मला पुरतं भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. तो म्हणाला, "मॅडम, पीसी छोड के जाव. मिला तो मिला, गॅरंटी नहीं दे सकते." माझा जीव होईना. ताईचा आवाज असलेली पेटी मी परक्या टेबलावर ठेवून घरी येऊ? परत आले. शाळेतल्या लॅपटॉपवर वाचत बसले, मिळेल ते वाचलं. तेव्हा समजलं की डिलीट केलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. कंप्युटर फक्त ती जागा मोकळी धरतो. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर ती तिथंच असते, पत्ता पुसलेल्या घरासारखी. हे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि लगेच देवीची गाणी आठवली. ती कुणाच्या घरावर बसली होती, कोण जाणे.

त्या दिवसापासून कंप्युटरवर टॉवेल टाकला आणि यांना ताकीद दिली, की बटणाला बोट लावायचं नाही. शाळेत मन लागेना. वर्गात अपूर्णांक शिकवता शिकवता मी मधेच थांबायचे. पोरं बघत राहायची. काजलचा फोन आला की मी कामाचं निमित्त करून ठेवून द्यायचे. तिला सांगणार तरी काय? तुझ्या याडीला आम्ही झाडून बाहेर टाकलं?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तशी मी कामाला लागले. फाईली परत काढायचं फुकटातलं एक सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर घेतलं, तिथूनच चालवलं. वरवरच्या शोधात काही निघालं नाही. मग खोल शोध लावला. तो अख्खी डिस्क कण कण तपासतो, त्याला तासन्‌तास लागतात. आणि आमच्याकडं दुपारची लाईट जायची. युपीएसची बॅटरी मेलेली. निम्म्यावर आलं की टूं टूं करून सगळं बंद, परत पहिल्यापासून. मी चकल्या तळत होते आणि दर घाण्याला एकदा आत जाऊन हिरवी पट्टी किती सरकली ते बघून येत होते. बऱ्याच चकल्या जळाल्या. हे बिचारे जळक्या चकल्या खात, मुकाट, खुर्चीच्या मागं उभे राहायचे. शेवटी कुठून तरी इन्व्हर्टर उसना घेऊन आले.

वसुबारसेच्या दुपारी शोध संपला. ढीगभर फाईली निघाल्या, सगळ्यांना नुसते आकडे, नाव एकीलाही नाही. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका निघाल्या. फोटो निघाले, वरचा अर्धा चेहरा नीट आणि खाली राखाडी पट्टा. आवाजाच्या फाईली मी एकेक लावत गेले. खरखर. अर्धी जाहिरात. यांच्या कुठल्यातरी शेठचं भाषण. परत खरखर. हे म्हणाले, "च्या पी जरा." मी म्हणाले, "थांबा."

मग एक लागली. आधी खोकला. मग ताई म्हणाली, "लागलं का?" आणि मागून माझाच त्या वेळचा आवाज, "हं."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. हे मागं उभे राहून माझ्या खांद्यावर नुसते थोपटत होते. आणि तेवढ्यात ढावलोची पहिली ओळ सुरू झाली. मी डोकं वर केलं. हेही थोपटायचे थांबले.

ओळ ताई म्हणत नव्हती. ती काजल होती.

मी पुन्हा सांगते. ताईनं त्या दिवशी दोन्हीकडच्या ओळी स्वतःच म्हटल्या होत्या. या फाईलमध्ये पोरीच्या ओळी काजल म्हणत होती, हुंदके देत, आणि आईच्या ओळी ताई. काजलची ओळ संपली की ताई उत्तर द्यायची, तिचं संपलं की काजल. त्या दिवशी काजल नांदेडला हॉस्टेलवर होती. घरात मी, ताई आणि कुकर, बास. आणि ते नावाचं कडवं आलं. जिथं ताईनं "हं हं हं" केलं होतं तिथं काजल स्वच्छ म्हणाली, बोरीचा तांडा. ताई जिवंत असताना आम्हाला त्या तांड्याचं नावही माहीत नव्हतं. त्यानंतर, अगदी जिथं व्हायला हवी तिथं, कुकरची शिट्टी झाली.

आम्ही दोघांनी ती दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. मग हे म्हणाले, "दोन फाईली एकमेकीत घुसल्या आसतील. तूच म्हनत व्हतीस ना, तुकडं तुकडं निघते म्हून."

"काजलची गाण्याची फाईल होती कुठं आपल्याकडं? आणि तिला ढावलो येतच नाही. म्हणून तर शिकायला येऊन राहिली ती."

"तांड्यातल्या दुसऱ्या कुना पोरीचा आवाज आसंल."

"बोरीचा तांडा?"

हे हळूच म्हणाले, "पोरीला ऐकवू नको. लगीन होऊन जाऊ दे."

मला तेच वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचाच संताप येत होता. मी काय घाबरले होते? पुढचे दिवस मी एका जागी बसू शकले नाही. झाडलेलं घर परत झाडायचे. मधेच जाऊन फाईल लावायचे, कुठंतरी जोड सापडेल, कुठंतरी दोन आवाज एकमेकांवर चढलेले सापडतील म्हणून. कान देऊन ऐकायचे, थांबवायचे, मागं घ्यायचे, परत. कितीदा ऐकली याला हिशोब नाही. जोड सापडला नाही. लग्न नसताना ढावलो वाजवू नये असं ताई म्हणाली होती, आणि मी तो ऐन दिवाळीत दिवसभर वाजवत होते.

काजल पाडव्याला आली. बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "लाव."

"अगं, आधी जेव. मग बघू."

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. फाईल जरा खराब झालीय. तुला तांड्यातल्या सीताकाकी शिकवतील, त्यांनाही येतो ढावलो, मी बोलते त्यांच्याशी..."

ती माझ्याकडं बघत राहिली. ती नर्स आहे, घाबरलेल्या माणसांचे चेहरे रोज बघते. म्हणाली, "मला याडीचा पायजे. तुमी दोघं काहून माझ्यापासून लपवून राहिलात? घरात आल्यापासून काका माझ्याकडं बघंना गेले."

मला खोटं पुढं रेटता येईना. सगळं सांगितलं. दसरा, डिलीट, देवीची गाणी, आणि फाईलमध्ये काय आहे तेही. म्हणाले, "तुला भीती वाटली तर लगेच बंद करू." ती खुर्चीत बसली, ओढणी गुडघ्यावर घट्ट धरून. मी लावली.

ती शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मी इतकं रडनार हाय का?"

माझ्या अंगावर काटा आला तो फाईल सापडली तेव्हा नाही, हे ऐकून आला. तिच्या तोंडावर भीती नव्हती. एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचून पुढचं ठरवावं, तसा चेहरा होता.

"मला माझ्या ओळी मिळाल्या," ती म्हणाली. "आता उत्तर कोन देनार? तू दे."

"मला येत नाही, काजल. माझा गळा तुला माहीत आहे. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवते."

"मावशीनं द्यायचं आसतंय."

"सीताकाकी देतील. मी बोलले ना."

तिला लागलं ते मला दिसलं. आई नाही, आणि मावशी असून नाही म्हणते. मला स्वतःचा राग आला, तरी होकार देववेना. शंभर माणसांत बेसूर आवाज काढून त्या पोरीच्या ढावलोचं मी वाटोळं करणार नव्हते.

लग्न आमच्या दाजींच्या, म्हणजे काजलच्या वडिलांच्या तांड्यात झालं. डीजे होता, पण निघायच्या वेळी काजलनं तो बंद करायला लावला. उन्हं कलली होती. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. आमचे हे बाजेवर चढून मोबाईलमध्ये शूटिंग घेत होते. काजल आधी दाजींच्या गळ्यात पडली, मग सीताकाकींच्या. आणि सुरू झाली.

तशीच. तोच हुंदका, तीच चढण. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण या पोरीला कधी कुणी गाताना ऐकलेलं नव्हतं. तिची ओळ संपली. आता सीताकाकींनी उत्तर द्यायचं. काकींनी तोंड उघडलं आणि त्यांना शेवंता आठवली असणार. आवाजच फुटला नाही, नुसत्या थरथरत रडायला लागल्या. काजल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून थांबली. दुसरी कुणी बाई पुढं येईना. ती पोरगी वाट बघत उभी होती.

मी ठरवलं नव्हतं. एवढंच सांगू शकते. मला उभ्या जागी ते सहन झालं नाही, आणि उत्तराची ओळ माझ्या तोंडून निघाली. अंगण तिथंच आहे, तू येशील तेव्हा झाडलेलं असेल. सूर कुठून आला, माहीत नाही. काजल काकींना सोडून माझ्या गळ्यात पडली आणि पुढची ओळ म्हणाली. मी उत्तर दिलं. बोरीच्या तांड्याचं कडवं आलं, तेही झालं. शेवटपर्यंत झालं. मी इतकी रडत होते की नीट काही आठवत नाही, फक्त तिचं डोकं माझ्या मानेत रुतलेलं आठवतं. गाडी गेल्यावर सीताकाकी माझ्याजवळ आल्या, पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, तुला ठेवणीतला गळा हाय, अन्‌ तू इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलं नसतं. फाईल ऐकून ऐकून पाठ झाली होती, काजललाही आणि मलाही, असं म्हणून विषय मिटवला असता. पण चार दिवसांनी यांनी मोबाईलमधलं शूटिंग कंप्युटरवर उतरवलं. (नवीन फोल्डर करून, ठळक नाव देऊन. तेवढं शिकलेत.) आणि मला हाक मारली. त्यांनी आधी जुनी फाईल लावली, मग लग्नातली. चित्र न बघता, नुसता आवाज. मग उलट. मग मला डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "आता कंची चालू हाय?"

मला सांगता येईना.

काजलच्या ओळी तशाच असणार हे मी धरून चालले होते. माझ्या ओळी आल्या आणि मी डोळे उघडले. फाईलमध्ये उत्तर देणारा आवाज मी ताईचा म्हणून ऐकत आले होते. 'लागलं का' म्हणणारी ताईच आहे, खोकलाही तिचाच. पण ढावलो सुरू झाल्यावर उत्तर देणारी बाई... कडव्याच्या शेवटी नाकातून श्वास ओढते, ती माझी सवय आहे. पोरं वर्गात माझी नक्कल करतात ती त्याच श्वासाची. ताई असा श्वास घेत नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी ऐकलं तर ताईच वाटली, स्पष्ट, दुसरी कुणी नाही. आज सकाळी परत लावली, पुन्हा खात्री नाही.

बहिणींचे आवाज सारखे असतात, हे मला कळतं. फाईल तुटून जुळली असेल, माझी आठवण चुकत असेल, ताईनं त्या दुपारी खरंच काय म्हटलं ते दुःखात मी बदलून टाकलं असेल, हे सगळं मी स्वतःशी भांडून झालंय. एक धरलं की दुसरं सुटतं. कुकरची शिट्टी एका बाजूला आणि बोरीचा तांडा दुसऱ्या बाजूला, हे दोन्ही एका फाईलमध्ये कसे, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी त्याचे पाय धरीन. एका ओळखीच्या सरांना ऐकवली. ते म्हणाले, गाणं छान आहे. मी घरी आले.

गेल्या आठवड्यात काजलचा बोरीच्या तांड्यावरून फोन आला. बरी आहे, सासू चांगली आहे, तिकडच्या आरोग्य केंद्रात अर्ज टाकलाय. बोलणं संपत आलं तसं मला राहवलं नाही. म्हणाले, "काजल, एक खरं सांग. तू इतक्या वेळा ऐकलीस ती फाईल. तो उत्तर देणारा आवाज याडीचा की माझा?"

तिकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती म्हणाली, "मावशी, मला उत्तर मिळालं. कुनी दिलं ते तुमी दोघी बहिनी बघून घ्या."

दुसरी आहे कुठं, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण मग विचारलं नाही.